मालोमोच्या पायातलं घुंगरू

मी घुंगरू बोलतोय. ‘बोलतोय’ म्हणण्याचा मला कितपत हक्क आहे, कोण जाणे. घुंगराचं बोलणं म्हणजे वाजणं, आणि वाजून मला बरीच वर्षं झाली. तरीही सांगतो. बोराएवढा माझा आकार, चांदीचा माझा देह, पोटात लोखंडाची एक गोळी. एवढ्याशा वस्तूला सांगण्यासारखं आयुष्य ते काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही अनेकदा तसंच वाटतं. पण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या घरात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हती, आणि ती सांगायला माझ्यापाशी एकच सूर होता.

माझा जन्म इलेशा गावचा. राजवाड्याकडून बाजाराकडे उतरणाऱ्या गल्लीत ओगुनशोला नावाच्या म्हाताऱ्या सोनाराचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याचा आडोसा. आत कोळशाची शेगडी, एक ऐरण आणि बसायला लाकडी घडवंची. एका सकाळी पाठीला बाळ बांधलेली आमोके तिथं आली आणि तिनं हातातली चांदीची बांगडी काढून ऐरणीवर ठेवली.

“सोनारबाबा, यातून एक घुंगरू करून द्या. लहानसं. बाळाच्या पायात घालायला.”

“घुंगरू लोहाराकडे मिळतं, बाई,” म्हातारा मान वर न करता म्हणाला. “लोखंडाचं. स्वस्तात.”

“लोहाराचंच घातलं होतं. कडं जड झालं, पायाची साल निघाली.” तिनं पाठीवरच्या बाळाचा पाय काखेखालून पुढं काढून दाखवला.

सोनारानं पाय पाहिला. मग बांगडी उचलून पाहिली. “ही आईची?”

“आईची.”

“मोडायची?”

“आई असती तर तिनंच मोडली असती.”

म्हाताऱ्यानं शेगडीतले कोळसे फुलवले. आमोकेचा पहिला मुलगा बोलाजी वर्षाचाही न होता गेला होता. हा दुसरा. याचेही हातपाय अधूनमधून सुजायचे आणि तो कळवळून रडायचा. शकुन सांगणाऱ्या बाबांनी कौल लावून सांगितलं होतं, हा दुसरा नव्हेच. गेला तोच परत आलाय. काही मुलं अशी असतात. त्यांचे सवंगडी पलीकडच्या जगात त्यांची वाट बघत असतात, म्हणून ती जन्म घेतात, आईचं दूध चाखतात आणि खेळ अर्धा टाकून परत जातात. पायात घुंगरू बांधलं की सवंगड्यांना तो आवाज सोसत नाही आणि ते हाका मारायचे थांबतात. ही गोष्ट इलेशात सगळ्यांना ठाऊक होती.

बांगडीचे तुकडे मुशीत गेले. चांदी स्वच्छ वितळावी म्हणून वर चिमूटभर टाकणखार पडला. म्हाताऱ्यानं फुंकणी तोंडात धरली आणि गाल फुगवून असा एकसारखा श्वास सोडला की ज्योत चांदीवर जीभ फिरवल्यासारखी हलू लागली. मी वितळलो. त्याआधी मी बांगडी होतो की कोणीच नव्हतो, हे मला कधीच नीट समजलेलं नाही. मग मला साच्यात ओतलं, ठोकून पत्रा केला, तापवलं, पुन्हा ठोकलं. पत्र्यातून दोन चकत्या कापल्या. खळगे पाडलेल्या पितळी ठोकळ्यावर एकेक चकती ठेवून, गोल डोक्याच्या खिळ्यानं हलके घाव घालत, त्यानं माझ्या दोन वाट्या केल्या. वाट्यांचे काठ कानशीनं घासले आणि एकीवर एक ठेवून बारीक तारेनं बांधल्या. सांध्यावर रेणाचे, म्हणजे जोड देणाऱ्या धातूचे, कण मांडले आणि पुन्हा फुंकणी. रेण पाण्यासारखं सांध्यातून धावलं तेव्हा मी एक झालो. वर कडी जोडली, खाली बारीक करवतीनं तोंड कापलं, लिंबाच्या रसात उकळून काळेपण घालवलं.

“हं, हलवून बघ,” तो म्हणाला.

आमोकेनं हलवलं. आवाज नाही.

“बाबा, मुकं झालंय.”

म्हाताऱ्यानं मला कानाशी धरलं. मग कपाळावर हात मारला. “मुकं नाही, उपाशी आहे. पोटात गोळी घालायचीच राहिली.” आणि तो स्वतःवरच चिडून पुटपुटू लागला, “जन्मभर कानातली केली. कानातलं वाजलं की गिऱ्हाईक परत आणून देतं, म्हणतं सांधा सुटलाय. वाजणं हा आमच्या कामात दोष, बाई. हाताला सवयच नाही.”

आमोके हसली. मी तिचं हसणं फार थोड्या वेळा ऐकलं. ती पहिली वेळ. म्हाताऱ्यानं माझं तोंड छिन्नीनं फाकवून लोखंडाची गोळी आत लोटली आणि तोंड पुन्हा दाबून घेतलं. ते एका बाजूला थोडं वाकडं राहिलं. त्यामुळे माझा आवाज किंचित फाटका आहे. पण मी वाजलो.

“आता हा थांबेल ना, बाबा?” तिनं विचारलं.

म्हाताऱ्यानं मला चामड्याच्या दोरीत ओवून बाळाच्या घोट्याभोवती सैल गाठ मारली. “मी वाजेल असं केलंय,” तो म्हणाला. “थांबवणं चांदीला जमतं की नाही, मला ठाऊक नाही.”

बाळाचं नाव मालोमो. आमच्या भाषेत त्याचा अर्थ, ‘पुन्हा जाऊ नकोस’. दिवसातून किती वेळा त्याला हाक मारली जायची, आणि प्रत्येक हाक म्हणजे एक विनवणी.

मालोमोला मी आवडायचो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मला दुसरं मूल माहीतच नव्हतं, तेव्हा तुलना कशाशी करणार. चालायला लागला तेव्हापासून तो टाच आपटत चालायचा. एक पाऊल टाकायचा, थांबून माझ्याकडे बघायचा, मग दुसरं. अंगणात त्याची आजी उखळात कंद कुटायला बसली की मुसळाच्या प्रत्येक घावाबरोबर हा पाय आपटायचा. आजीला घरातले सगळे मोठी आई म्हणत. ती कुटता कुटता मुद्दाम थांबायची, मग हाही पाय वर धरून थांबायचा.

“हा मेला ढोलकरी होणार,” ती म्हणायची.

“होऊ दे की,” आमोके म्हणायची. “काहीही होऊ दे.”

बाप लादिपो कापडाचा व्यापारी. गावोगाव फिरून उधारीवर कापड विकायचा आणि महिन्यातून दोन-तीनदा घरी यायचा. आला की दारातूनच कान द्यायचा. मी वाजलो की मगच डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवायचा.

सूज यायची तेव्हा मात्र मालोमो पाऊल टाकत नसे. त्याचा घोटा फुगायचा आणि माझी दोरी मांसात रुतायची. आमोके दोरी सोडवायला जायची तर मोठी आई तिचा हात धरायची. “सोडू नकोस. हीच वेळ असते त्यांची.” मग दोघी मिळून त्याचा पाय हातात धरून हलवायच्या, मी वाजत राहावं म्हणून. तो किंचाळायचा. मी वाजायचो. हे मी किती वेळा ऐकलं ते सांगत बसत नाही.

कोरडा, धुळीचा वारा सुटतो त्या दिवसांत, एका दुपारी, तो गेला. तीन वर्षांचा होत आला होता.

अशा मुलासाठी रडायचं नसतं. रडलं की त्याला वाटतं, आपली चांगली गंमत झाली, आणि ते पुन्हा पुन्हा तोच खेळ खेळतं. मोठ्या आईनं सुनेला समोर बसवून सांगितलं, “डोळ्यातून पाणी काढलंस तर बघ. तो इथंच आहे, बघतोय. त्याला कळू दे की आम्हाला काही वाटत नाही.” आणि आमोके भिंतीकडे बघत बसली. तिच्या घशातून एक बारीकसा आवाज आला तेवढाच. मग मोठ्या आईनं सुरी तापवून मालोमोच्या उजव्या पायाच्या करंगळीवर खूण केली, पुढच्या वेळी ओळखता यावा म्हणून. मला काढून घेतलं. लादिपोचा धाकटा भाऊ आयिनला आणि आणखी एकजण त्याला कापडात गुंडाळून घेऊन गेले. कुठं, ते आईबापांना सांगायचं नसतं. त्यांनी विचारायचंही नसतं.

मला साबणाच्या तुकड्याबरोबर एका भोपळ्यात टाकलं. तिथल्या अंधारात मी त्याच्या पावलाची वाट बघत राहिलो. मला वाटतं, त्या घरात उघड वाट बघण्याची मुभा असलेला मी एकटाच होतो. बाकीचे सगळे जण तो परत येणार म्हणून निश्चिंत होते.

दीडएक वर्षानं भोपळा हलला आणि मोठ्या आईचा आवाज आला, “आला. मुलगी होऊन आलाय, लुच्चा.”

मुलीच्या डाव्या पायाच्या करंगळीशी जन्मापासून एक काळसर डाग होता.

“पण खूण उजव्या पायाला केली होती ना?” आमोकेनं हळूच विचारलं.

“फसवायला पाय बदलून आलाय,” मोठी आई म्हणाली. “याला काय आज ओळखते मी?”

मुलीचं नाव ठेवलं कोकुमो, म्हणजे ‘आता मरणार नाही’. आणि मला तिच्या पायात बांधलं.

पहिल्या दिवशीच मला कळलं. कसं कळलं ते पटवून देणं अवघड आहे, आणि इतक्या वर्षांनी मी माझ्याच आठवणीची उलटतपासणी करतो तेव्हा वाटतं, मी चुकतही असेन. पण पाय म्हणजे काय असतो ते घुंगराला ठाऊक असतं. हा पाय नवा होता. याला माझी ओळख नव्हती. कोकुमो चालायला लागली तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही. ती चवड्यांवर चालायची. टाच टेकवायची नाही. मी वाजू नये म्हणून जपून, मांजरासारखी. हिचा पाय कधी सुजला नाही. माझी दोरी कधी रुतली नाही. घरातले म्हणायचे, या वेळी त्यानं बेत बदललाय. मी मात्र ओरडून सांगत होतो की ही म्हणजे तो नव्हे, ही दुसरीच कोणी आहे. पण माझ्या ओरडण्यातून फक्त छुम निघायचं, आणि ते ऐकून आमोकेला बरं वाटायचं.

ती कोकुमोवर माया करत नव्हती असं मी म्हणणार नाही. पण ती माया कमरेच्या कापडात गाठ मारून ठेवलेली होती. एकदा फसलेल्या दुकानदारासारखी ती मुलीशी वागायची. सणाला कपडे शिवायचे तर बेताच्या मापाचे. वाढत्या अंगाचे नाहीत. पुढच्या वर्षी काय करायचं याबद्दल तिच्यासमोर चकार शब्द नाही.

मुलगी सातेक वर्षांची असताना एकदा चुलीपाशी बसून तळलेल्या केळ्याचे काप मोजत होती.

“आई, मला शाळेसाठी बूट घेशील?”

“पायात घुंगरू आहे ते पुरे.”

“सगळ्यांना बूट आहेत.”

“दोनदा निघून गेलीस तेव्हा पायात बूट होते का?”

कोकुमोनं केळ्याचा काप खाली ठेवला. “मी कुठं गेले होते, आई?”

“तुलाच ठाऊक.”

“मला नाही आठवत.”

“मला आठवतं,” आमोके म्हणाली, आणि झारा कढईवर आपटला. “एवढं दुखत असतानाही तू माझ्या मांडीवर थांबली नाहीस. हे मला आठवतं.”

त्या पोरीनं बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, “सॉरी, आई.”

जे तिनं कधी केलंच नव्हतं त्याबद्दल ती माफी मागत होती. मी तिच्या घोट्याशी गप्प होतो, कारण ती हलत नव्हती.

पुढं तिला एक युक्ती सुचली. भिजवलेल्या पिठाचा गोळा ती माझ्या वाकड्या तोंडातून आत दाबायची, म्हणजे माझी गोळी चिकटून बसायची. मग ती बिनआवाजाची शेजारच्या अंगणात खेळायला पळायची. एकदा अशीच गेली. आमोके घरात आकारा, म्हणजे डाळीचे वडे, तळत होती. तिचे कान सतत माझ्यावर असायचे, तिलाही ते कळत नसेल. तिला शांतता ऐकू आली. कढई तशीच टाकून, डोक्याचं फडकं न बांधता, ती बाजारात धावत गेली. “माझं मूल बघितलं का? वाजत नाहीये, वाजत नाहीये,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. ट्रकवाल्यानं शिव्या घातल्या. शेवटी कोकुमो शेजारच्या पेरूच्या झाडावर सापडली. आमोकेनं तिला खाली ओढून मारलं, मग मिठी मारली, मग पुन्हा मारलं.

“पोरीला मारून टाकशील,” शेजारीण म्हणाली.

“ती मला मारतेय,” आमोके म्हणाली. “तिसऱ्यांदा मारतेय.”

त्या संध्याकाळी कोकुमोनं काडीनं माझ्या पोटातलं पीठ कोरून काढलं. पुन्हा तिनं मला कधी मुकं केलं नाही. पण ती चवड्यांवरच चालत राहिली.

मुलगी मोठ्या शाळेत गेली तेव्हा मास्तरांनी हा आवाज वर्गात चालणार नाही म्हणून सांगितलं. आमोकेनं मला सोडवलं आणि आपल्या कमरेच्या कापडाच्या गाठीत बांधलं. तिथंच मी राहिलो. मोठी आई गेली, लादिपो गेला. कोकुमो शिकली, डाकघरात नोकरीला लागली. आणि आदेगोके नावाच्या एका शांत, चष्मेवाल्या मास्तरानं तिला मागणी घातली.

आमच्याकडे आता लग्नाआधी चर्चमध्ये दोघांच्या रक्ताच्या तपासणीचा कागद मागतात. आदेगोकेचा निकाल निर्दोष आला. कोकुमोच्या निकालाबद्दल काही विचारायचंय म्हणून दवाखान्यातून आईला घेऊन यायचा निरोप आला. मी गाठीत होतोच.

सिस्टर ओमोतोशो घसा बसलेली, जाडजूड बाई होती. तिनं विचारलं, “आई, मुलं किती झाली तुम्हाला?”

“एक,” आमोके म्हणाली.

“एकच बाळंतपण?”

“बाळंतपणं तीन. मूल एकच. तीनदा आलं.”

बाकावर बसलेल्या दोन तरुण मुली तोंडाला हात लावून हसल्या. सिस्टर हसली नाही. तिनं खुर्ची पुढं ओढली. “आधीच्या दोघांचे हातपाय सुजायचे?”

“सुजायचे.”

“हिचे?”

“हिचे नाही.”

“आई, तुमच्या रक्तात एक खोट असणार, अर्धी. ती तुम्हाला त्रास देत नाही. तुमच्या नवऱ्याच्या रक्तातही अर्धी असणार. ज्या लेकराला दोघांकडून ती मिळाली, त्याचे हातपाय सुजतात, दुखतात. त्या वेळी असली मुलं जगत नसत. हिला एकाच बाजूनं मिळालीय. जावई निर्दोष आहे, तेव्हा हिच्या मुलांना तो आजार व्हायचा नाही. पण मूल एकच असतं, तर रक्त वेगळं कसं असतं?”

“अंग बदलून येतात ना ती.”

“माझी आईही हेच म्हणायची,” सिस्टर म्हणाली. “माझ्या वरची दोन गेली होती. मी शिकून आले, तिला सांगत राहिले. तिनं शेवटपर्यंत ऐकलं नाही. मी तुमच्याशी भांडत नाही, आई. एवढंच सांगते, ही पोरगी कधी जाणारच नव्हती. हिला थांबवायला काहीच लागत नव्हतं.”

आमोकेची मूठ माझ्याभोवती आवळली गेली. मीही ते वाक्य ऐकलं. एकाला थांबवणं माझ्या हातात नव्हतं, आणि दुसरीला माझी गरज नव्हती. माझ्या आयुष्याचा हिशेब असा दोन ओळींत, एका बाकासमोर, मांडून झाला.

घरी आल्यावर आमोके अंगणात बसली. म्हणाली, “मग तो कुठं आहे?”

“कोण?”

“मालोमो. मला वाटायचं, तू म्हणजेच तो. तू जेवलीस की वाटायचं तो जेवला. तुला रागावले की त्याला रागावले. तो माझ्यापाशीच आहे म्हणून मी एवढी वर्षं त्याची आठवणसुद्धा काढली नाही. पोरगं एकटंच पडलंय कुठंतरी.” ती थांबली. “आणि बोलाजी. त्याचा तर चेहराही मी पुसून टाकला.”

कोकुमो तिच्यासमोर उकिडवी बसली. “आणि मी, आई? तू वाढवलंस कोणाला?”

आमोकेनं तिच्याकडे पाहिलं. घरात नवीन आलेल्या माणसाकडे बघतात तसं. “तुला काय आवडतं खायला?” तिनं विचारलं.

“आता विचारतेस?”

“तो केळी खायचा. मी तुलाही केळीच दिली.”

“मला केळी नाही आवडत,” कोकुमो म्हणाली, आणि दोघीही हसल्या. मग कोकुमो रडली. आमोके रडली नाही. तिला ते अजून जमत नव्हतं.

लग्नाच्या ठरल्या दिवशी आमच्या अंगणात मंडप पडला. असा सोहळा चालवायला एक बोलघेवडी बाई असते. ती दोन्हीकडच्या लोकांची थट्टा करते, गाणी म्हणते, सगळ्यांना नाचवते. ती आमोकेसमोर येऊन हात उडवत म्हणाली, “आणि या बघा, एकुलत्या एका लेकीच्या आई. सगळं कोठार एकाच टोपलीत. मास्तर, टोपली सांभाळून न्या हो.”

लोक हसले. आमोके उभी राहिली.

“एकुलती नाही,” ती म्हणाली. “तिसरी आहे. थोरला बोलाजी. मधला मालोमो. ही तिसरी, कोकुमो.”

ढोल थांबले. अशा वेळी गेलेल्यांची नावं काढणं अशुभ. आदेगोकेची आत्या तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. मग त्या बोलघेवड्या बाईनं खुणेनं कोकुमोला पुढं बोलावलं. मुलगी आईच्या पायाशी गुडघे टेकून बसली, आशीर्वादासाठी. आमोकेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत या मुलीसाठी तिनं केलेली प्रत्येक प्रार्थना मला पाठ होती. थांब, जाऊ नकोस, राहा.

“जा,” आमोके म्हणाली. “नीट जा, बाई. तू माझं काही घेऊन गेलेली नाहीस.”

मला वाटतं, त्या दिवसापर्यंत कोकुमोच्या खांद्यावर दोन भाऊ बसलेले होते. त्या वाक्याबरोबर ते उतरले. पण उतरले ते कुठं जाणार? ते आमोकेकडे आले.

लेक सासरी गेल्यावर थोड्याच दिवसांनी ती आयिनलाकडे गेली. तो आता काठी टेकत चालणारा म्हातारा झाला होता.

“त्याला कुठं ठेवलंत ते दाखवा, भावोजी.”

“आईनं बघायचं नसतं, वहिनी. इतकी वर्षं विचारलं नाहीस.”

“इतकी वर्षं तो माझ्या घरात आहे असं वाटत होतं.”

आयिनलानं बरीच कुरकुर केली, मग काठी घेतली. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला पूर्वी रान होतं. आता तिथं सिमेंटचे ठोकळे पाडायचा कारखाना निघाला होता. वाळूचे ढीग, धडधडणारं यंत्र, उन्हात वाळत घातलेल्या ठोकळ्यांच्या रांगा. आयिनला या टोकापासून त्या टोकापर्यंत काठी फिरवत राहिला. “इथं एक मोठं झाड होतं. त्याच्या अलीकडे. का पलीकडे... नाही सांगता येत, वहिनी. मोठ्याला पण इथंच आणला होता.”

आमोकेनं वाळूच्या ढिगाकडे पाहिलं. “ही वाळू कुठली?” तिनं यंत्रावरच्या माणसाला विचारलं.

“इथलीच, आई. ओढ्याकाठची. सगळं इलेशा याच वाळूनं बांधलंय.”

“म्हणजे ती दोघं सगळ्या गावात वाटली गेलीयत,” ती म्हणाली, आणि खाली बसली.

आणि मग ते आलं. मालोमो गेला त्या दुपारी घशात अडकलेला तो बारीक आवाज आता बाहेर आला, पण बारीक राहिला नाही. तिनं आधी बोलाजीला हाक मारली. त्याच्यासाठी रडून झाल्यावर मालोमोला हाक मारली. दोघांना एकत्र नाही, एकेकाला. यंत्रावरच्या माणसानं यंत्र बंद केलं.

“हळू, वहिनी,” आयिनला म्हणाला. “माणसं बघतायत.”

“बघू दे. तेव्हा कोणी बघितलं नाही.”

बऱ्याच वेळानं तिनं कमरेची गाठ सोडली आणि मला बाहेर काढलं. साच्यात ओली वाळू भरलेली होती. तिनं मला त्यात ठेवलं.

“आई, चांदी आहे ती,” यंत्रवाला म्हणाला. “कोणी चोरेल.”

“चोरायला भिंत फोडावी लागेल. दाब तू.”

त्यानं एकदा आयिनलाकडे पाहिलं, मग दांडा खाली ओढला. माझं वाकडं तोंड वाळूनं भरलं. पुढचं मी पाहिलेलं नाही. आमोके किती वेळ बसली, घरी कशी गेली, आज आहे की नाही, मला माहीत नाही.

तो ठोकळा उन्हात वाळला, विकला गेला, आणि आता मी कोणाच्या तरी घराच्या भिंतीत आहे. गल्ली कोणती, घर कोणाचं, कळायला मार्ग नाही. माझ्या पोटातली गोळी आता कधी हलणार नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. जिथं ती दोघं आहेत तिथंच मीही आहे, एवढं पुरे. कधीकाळी ही भिंत पडली आणि मी तुमच्या हाती लागलो, तर मला घासूनपुसून कोणाच्या पायात बांधू नका, एवढीच विनंती आहे. मला आता कोणालाही थांबवायचं नाही.

ऐकू मात्र अजून येतं. भिंतीपलीकडे सध्या एक लहान मूल चालायला शिकतंय. पडतं, उठतं, भिंतीला धरून पुन्हा पाऊल टाकतं. टाच आपटत टाकतं. मी फार वेळ कान देऊन ऐकतो, आणि मनाला बजावतो, नाही, हा मालोमो नाही. हे दुसरंच कोणीतरी आहे. त्याला त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारा.